अभिजात संगीताची वानगी : तबकडीवर काय असते, काय सुटते?

पाश्चात्त्य अभिजात संगीत आपण कधी ऐकलेच नाही, असे सांगणाऱ्या शहरी मराठी माणसाच्या कानांवरूनही ते पुष्कळदा गेलेले असते. टायटन घड्याळांच्या जाहिरातीतून वर्षानुवर्षे घराघरांत पोहोचलेली धून मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतील आहे. नोकियाच्या मोबाइलवर एके काळी लोकलच्या डब्यापासून सभागृहापर्यंत सर्वत्र वाजणारी घंटी म्हणजे फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या 'ग्रान व्हाल्स' या रचनेतील मोजके स्वर होते. १९६१ च्या 'छाया' या चित्रपटात सलिल चौधरी यांनी तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्याकडून गाऊन घेतलेल्या द्वंद्वगीताचा मुखडाही मोझार्टच्याच चाळिसाव्या सिंफनीच्या आरंभावर बेतलेला आहे.

अशा ओळखीच्या, पण नाव-गाव ठाऊक नसलेल्या सुरावटी एकत्र करून विकण्याची जुनी व्यापारी पद्धत म्हणजे 'सँपलर', अर्थात वानगीची तबकडी. बेथोवनचे 'मूनलाइट', विवाल्डीचा 'वसंत', पाखेलबेलचा 'कॅनन', बाखचे 'एअर', ग्रिगची 'सकाळ', रॅव्हेलचा 'बोलेरो' अशा बारा-पंधरा लोकप्रिय रचना, प्रत्येकी तीन ते सात मिनिटे, एका तबकडीत आणि स्वस्तात. कंपनी बदलली आणि वेष्टनावरचे चित्र बदलले, तरी आतली यादी फारशी बदलत नाही. आज तबकडीची जागा मोबाइलवरील तयार गीतसूचीने घेतली आहे. यादी मात्र बव्हंशी तीच आहे.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती करता येते, कारण पातेल्यातली सारी शिते एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेली असतात. सिंफनीचे किंवा सोनाटाचे तसे नाही. त्यातला एक भाग दुसऱ्यासारखा नसतो. किंबहुना तो वेगळा असावा म्हणूनच रचलेला असतो. त्यामुळे वानगीची तबकडी ऐकताना हाती काय आले याइतकेच, कोठून काय कापले गेले हे ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते. त्या दृष्टीने या तबकडीची ही ओळख.

तीन मिनिटांपासून चौऱ्याहत्तर मिनिटांपर्यंत

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळात तुकडा ही निवड नव्हती, निरुपाय होता. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेचार मिनिटांचेच संगीत मावत असे. १९१३ मध्ये आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने बेथोवनची पाचवी सिंफनी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा तिला तबकड्यांच्या आठ बाजू लागल्या. श्रोत्याला दर चार-साडेचार मिनिटांनी उठून तबकडी उलटावी किंवा बदलावी लागे. साहजिकच एका बाजूत मावणारी गीते, छोटे नृत्यप्रकार आणि ऑपेरातील एकल पदे अधिक खपली. लोकप्रिय अभिजात रचनांची यादी घडवण्यात तबकडीच्या या मर्यादेचा मोठा वाटा आहे.

१९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहेतीसहून किंचित अधिक फेरे घेणारी 'लाँग प्ले' तबकडी बाजारात आणली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले आणि संपूर्ण सिंफनी एकाच तबकडीत मिळू लागली. येथे तुकड्याची गरज संपायला हवी होती. झाले उलटेच. कंपन्यांकडे आता संपूर्ण रचनांचा मोठा साठा जमा झाला होता आणि त्याची जाहिरात करायची, तर त्यातील वेचक भाग एका स्वस्त तबकडीत देणे हा सोपा मार्ग होता. श्रोत्याने तुकडा ऐकावा, त्याला तो आवडावा आणि त्याने पूर्ण तबकडी विकत घ्यावी, हा त्यामागचा हिशेब. सँपलर हा अशा रीतीने दुकानाच्या दर्शनी कपाटासारखा होता.

१९८२ मध्ये सीडी आली. सुमारे ७४ मिनिटांचे संगीत तीत मावत असल्याने बारा-पंधरा तुकड्यांचा ऐवज सहज बसू लागला. जुन्या संगीतकारांच्या रचनांवरील स्वामित्वहक्क केव्हाच संपलेले असल्याने खर्च होता तो केवळ ध्वनिमुद्रणाचा. आणि तेही कपाटात तयार होते. ध्वनिमुद्रणाचा हक्क रचनेच्या हक्काहून वेगळा असतो. भारतीय कायद्यानुसार त्याची मुदत ६० वर्षांची आहे. त्यामुळे स्वतःचीच जुनी मुद्रणे पुनःपुन्हा नव्या वेष्टनात विकणे कंपन्यांना परवडणारे होते. हळूहळू वानगी हाच माल झाला. ती घेणारा श्रोता पूर्ण रचनेकडे वळेल, ही अपेक्षाही मागे पडली.

१९८७ मध्ये क्लाउस हायमन यांनी हाँगकाँगमध्ये सुरू केलेल्या 'नॅक्सॉस' या कंपनीने या व्यवहाराला वेगळे वळण दिले. प्रसिद्ध नावांचा सोस न धरता पूर्व युरोपातील वाद्यवृंदांकडून संपूर्ण रचना नव्याने मुद्रित करून घ्यायच्या आणि त्या कमी किमतीत विकायच्या, हे तिचे धोरण होते. संपूर्ण सिंफनी स्वस्तात मिळू लागली, तेव्हा स्वस्ताईसाठी तुकडाच घ्यावा, हे कारण उरले नाही. तरीही वानगीच्या तबकड्या खपतच राहिल्या. बहुसंख्य श्रोत्यांना हवी होती ती ओळखीची सुरावट.

कापल्यावर काय हरवते?

या यादीत हमखास असणारी रचना म्हणजे बेथोवनचा 'मूनलाइट सोनाटा'. पियानोवरील ही रचना १८०१ मधील. तबकडीवर असतो तो तिचा पहिला, संथ भाग. तो ऐकून ही शांत, चांदण्यात भिजलेली रचना आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात हा सोनाटा तीन भागांचा आहे. दुसरा भाग छोटा आणि हलकाफुलका. तिसरा मात्र अक्षरशः वादळ. दोन्ही हात पियानोभर धावत असतात आणि शेवटपर्यंत उसंत मिळत नाही. पहिल्या भागाच्या अखेरीस बेथोवनने 'लगेच पुढचा भाग सुरू करावा' अशी सूचना लिहून ठेवली आहे. पहिल्या भागातील शांतता ही त्या वादळापूर्वीची आहे, हे तिसरा भाग ऐकल्यावरच कळते. तबकडीवर मात्र त्यानंतर दुसऱ्याच कुणाचे तरी व्हायोलिन सुरू होते.

पाचव्या सिंफनीची कथा याहून बोलकी आहे. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नामध्ये सुमारे चार तास चाललेल्या मैफलीत ती प्रथम सादर झाली. तिच्या आरंभीचे चार स्वर जगातील सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या स्वरांपैकी आहेत. वानगीत मिळतो तो या सिंफनीचा पहिला, सात-आठ मिनिटांचा भाग. त्यातील झगडा तेथे सुटत नाही; तो सोडवण्यासाठीच पुढचे तीन भाग आहेत. तिसऱ्या भागाच्या शेवटी सारा वाद्यवृंद कुजबुजीइतका खाली येतो, केटलड्रमचे ठोके तेवढे ऐकू येत राहतात आणि मध्ये न थांबता चौथा भाग उजळ मेजर स्वरांत उसळून येतो. तीन भाग गप्प बसलेली ट्राँबोन, पिकोलो आणि काँट्राबसून ही वाद्ये या क्षणी प्रथम बोलतात. अर्ध्या तासाच्या या प्रवासातून पहिला भाग तेवढा उचलला, तर संघर्ष ऐकू येतो, त्याचा निकाल नाही.

विवाल्डीच्या 'चार ऋतू' या रचना १७२५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रकाशित झाल्या. चार ऋतूंचे चार व्हायोलिन कॉन्चर्टो, प्रत्येकाचे तीन भाग, म्हणजे एकूण बारा भाग आणि सुमारे चाळीस मिनिटे. प्रत्येक ऋतूसोबत एक सुनीत छापलेले आहे आणि त्यातील वर्णन वाद्यांतून उभे केलेले आहे. तबकडीवर येतो तो बहुधा 'वसंता'चा पहिला भाग. त्याच्याच दुसऱ्या भागात गुराखी झोपलेला आहे आणि व्हियोला हे वाद्य त्याच्या कुत्र्याचे भुंकणे वाजवते आहे, हे सहसा ऐकायला मिळत नाही. मराठी श्रोत्याला तर 'वसंता'पेक्षा 'उन्हाळा' अधिक जवळचा वाटावा. अंग गळून जावे असा उकाडा, हवेतील तगमग आणि अखेरीस कोसळणारे वादळ. वळवाच्या पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाला त्यासाठी वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

काही रचना तर कापताच येत नाहीत. रॅव्हेलचा 'बोलेरो' १९२८ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम सादर झाला. सुमारे पंधरा मिनिटांच्या या रचनेत एका लहान ढोलावर एकच लय आरंभापासून अंतापर्यंत वाजत राहते. त्यावर दोन सुरावटी आळीपाळीने येतात आणि दर वेळी वाद्ये बदलत, वाढत जातात. शेवटाजवळ मूळ स्वर अचानक बदलतो आणि इतका वेळ साठत आलेला ताण सुटतो. त्याचे चार-पाच मिनिटांचे संक्षिप्त रूप देणाऱ्या तबकडीत सुरावट असते, पण ज्यासाठी ती सुरावट इतक्या वेळा ऐकवली, तो परिणाम नसतो. ख्यालातील विलंबित गाळून केवळ शेवटची द्रुत तान ऐकवावी, तसा हा प्रकार आहे.

रिशार्ड श्ट्राउसच्या 'आल्झो श्प्राख झाराटुस्ट्रा' या १८९६ मधील रचनेचा आरंभ स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या '२००१ : ए स्पेस ओडिसी' या १९६८ च्या चित्रपटामुळे जगभर पोहोचला. तुताऱ्या, ढोल आणि ऑर्गन यांच्या गजरातला तो सूर्योदय दोन मिनिटांचाही नाही. मूळ रचना अर्ध्या तासाहून अधिक आहे. तिचा शेवट आरंभाच्या अगदी उलट आहे. वरच्या पट्टीत वाद्ये एका स्वरावर स्थिरावतात, तर खालून बास वाद्ये भलताच स्वर लावतात आणि प्रश्न तसाच सोडून रचना थांबते. निःशंक आरंभ सर्वांना माहीत आहे. साशंक अंत फार थोड्यांना.

ऑपेरातील पदांना आणखी एका शस्त्रक्रियेला तोंड द्यावे लागते. पुचिनीच्या 'तुरांदोत'मधील 'नेस्सुन दोर्मा' हे पद मूळ नाटकात थांबतच नाही. गायकाचा शेवटचा उंच स्वर संपतो न संपतो तोच संगीत पुढच्या प्रसंगात शिरते. मैफलीसाठी आणि तबकडीसाठी त्याला वेगळा, टाळ्यांना जागा देणारा शेवट जोडावा लागतो. १९९० मध्ये इटलीतील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी बीबीसीने पावारोत्ती यांच्या आवाजातील हे पद शीर्षकगीत म्हणून वापरले आणि ते क्रीडाशौकिनांच्याही तोंडी झाले. त्या असंख्य श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या कानांत आहे तो हा जोडलेला शेवट.

नावात काय आहे? पुष्कळ आहे

वेष्टनावर जे छापलेले असते, तेही तपासून घ्यावे लागते. 'आल्बिनोनीचे अडाजिओ' हे त्याचे ठळक उदाहरण. तोमासो आल्बिनोनी हा व्हेनिसचा संगीतकार १६७१ ते १७५१ या काळातला. त्याच्या नावावर खपणारी ही करुण रचना मात्र रेमो जाझोत्तो या विसाव्या शतकातील इटालियन संगीत-अभ्यासकाची आहे. ती १९५८ मध्ये प्रकाशित झाली. आल्बिनोनीच्या एका त्रुटित हस्तलिखिताच्या आधारे आपण ती रचल्याचे जाझोत्तो यांचे सांगणे होते. तबकड्यांवर आजही बहुधा आल्बिनोनीचेच नाव ठळक असते.

पाखेलबेल (१६५३-१७०६) याच्या 'कॅनन'ची गोष्ट वेगळी. रचना त्याचीच; पण ती जोडरचनेतील पहिली आहे. तीन व्हायोलिन आणि साथीच्या खर्जासाठी लिहिलेल्या कॅननपाठोपाठ एक चपळ 'जीग' नृत्य येते. १९६८ मध्ये फ्रेंच संचालक जाँ-फ्राँस्वा पायार यांनी हा कॅनन अतिशय संथ, भावव्याकूळ लयीत मुद्रित केला आणि ते रूप रूढ झाले. लग्नसमारंभांपासून हॉटेलच्या लॉबीपर्यंत सर्वत्र पोहोचलेल्या या कॅननमागून येणारे नृत्य मात्र वाटेतच गळाले.

'मूनलाइट' हे नाव बेथोवनचे नाही. त्याने या रचनेला 'कल्पनाविलासासारखा सोनाटा' अशा अर्थाचे नाव दिले होते. चांदण्यातील सरोवराची उपमा लुडविग रेलश्टाब या समीक्षकाने दिली आणि बेथोवनच्या मृत्यूनंतर ती नाव म्हणून चिकटली. मोझार्टच्या एकविसाव्या पियानो कॉन्चर्टोचा (१७८५) मधला भाग कित्येक तबकड्यांवर 'एल्व्हिरा मादिगान' या नावाने येतो. हे नाव आहे १९६७ मधील एका स्वीडिश चित्रपटाचे. त्यात हा भाग वापरला गेला, इतकाच काय तो संबंध. बाखचे 'एअर ऑन द जी स्ट्रिंग' हे नावही एकोणिसाव्या शतकातील आउगुस्ट व्हिल्हेल्मी या व्हायोलिनवादकाच्या रूपांतरामुळे पडले. व्हायोलिनच्या एकाच, सर्वांत खर्जातील तारेवर वाजवता यावे म्हणून त्याने मूळ रचनेची पट्टी बदलली होती. तबकडीवर पुष्कळदा वाजते ती बाखची मूळ वाद्यवृंदरचना आणि नाव मात्र व्हिल्हेल्मीच्या रूपांतराचे असते. ग्रिगच्या 'सकाळ'ने नॉर्वेच्या बर्फाळ खाडीवरचा सूर्योदय डोळ्यांसमोर येतो; वेष्टनावर चित्रही बहुधा तेच असते. इब्सेनच्या 'पीर ग्युंट' या नाटकात ती सकाळ उगवते उत्तर आफ्रिकेत.

रचनाकाराच्या नावाइतकाच घोळ वादकांच्या नावांचा आहे. अतिस्वस्त सीडींच्या काळात युरोपात 'आल्बेर्तो लिझ्झिओ' या संचालकाच्या नावावर अनेक तबकड्या निघाल्या. असा कोणी संचालक अस्तित्वातच नव्हता. जुनी ध्वनिमुद्रणे विकत घेऊन ती काल्पनिक नावांनी विकण्याचा तो उद्योग होता. ज्यांनी ते संगीत खरोखर वाजवले, त्या वादकांचे आणि संचालकांचे श्रेय त्यात पुसले गेले. वानगी स्वस्त असते तेव्हा तिची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

दुसरी बाजू

इतके सारे असूनही वानगीला सरसकट नावे ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. संपूर्ण सिंफनी सलग, शांतपणे ऐकण्याचा शिरस्ता स्वतः मोझार्टच्या काळात नव्हता. २३ मार्च १७८३ रोजी व्हिएन्नातील आपल्या मैफलीत त्याने 'हाफ्नर' सिंफनीचे पहिले तीन भाग आरंभी वाजवले, मध्ये ऑपेरातील पदे, पियानो कॉन्चर्टो वगैरे इतर रचना सादर केल्या आणि सिंफनीचा शेवटचा भाग मैफलीच्या अखेरीस ठेवला. १८१३ मध्ये बेथोवनची सातवी सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हा श्रोत्यांनी तिचा दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला. आवडलेला तुकडा पुन्हा मागणारा श्रोता तबकडीहून जुना आहे.

संगीतकारांनी स्वतःही वानग्या काढल्या आहेत. 'पीर ग्युंट'च्या नाट्यसंगीतातून ग्रिगने दोन छोट्या मालिका वेगळ्या केल्या. 'सकाळ' आज आपल्यापर्यंत पोहोचते ती त्यांपैकी पहिल्या मालिकेमुळे. चायकोव्स्कीने 'नटक्रॅकर' या बॅलेतील वेचक नृत्यांची मालिका १८९२ च्या मार्चमध्ये, म्हणजे मूळ बॅले रंगमंचावर येण्याच्या नऊ महिने आधीच सादर केली. अमेरिकन संगीतकार सॅम्युएल बार्बरने आपल्या १९३६ मधील तंतुवाद्य-चौकडीचा मधला भाग मोठ्या वाद्यवृंदासाठी स्वतंत्र केला आणि तोस्कानिनी यांनी १९३८ मध्ये तो रेडिओवरून ऐकवला. तो भाग आज मूळ रचनेपेक्षा कितीतरी अधिक प्रसिद्ध आहे. फरक इतकाच, की येथे कात्री रचनाकाराच्या हातात होती. तुकडा स्वतःच्या पायांवर उभा राहावा, याची काळजी त्याने घेतली होती.

हाच फरक आपल्या संगीतातही दिसतो. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग बसवताना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकांनी मैफलीतील गाण्याचा तुकडा तोडून दिला नाही. त्या अवधीसाठी त्यांनी मांडणीच नव्याने केली. रागाचे रूप, बंदिशीचा डौल आणि तानेची झेप हे सारे आटोपशीर, पण पुरे असे. लहानपणी ऐकलेल्या खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या ध्वनिमुद्रिकेने भीमसेन जोशी यांना अशी ओढ लावली, की गुरूच्या शोधात त्यांनी घर सोडले. तीन मिनिटांची तबकडी एखाद्याचे आयुष्य वळवू शकते, याला आपल्याकडे याहून मोठा दाखला नको. पण भीमसेन त्या तीन मिनिटांवर थांबले नाहीत, हेही त्यासोबत लक्षात ठेवायला हवे.

पाश्चात्त्य संगीताच्या वानगीचा सर्वांत मोठा सोहळा ज्या संचालकाच्या हाताखाली झाला, तो मुंबईचा होता. ७ जुलै १९९० रोजी रोममधील काराकाल्ला येथे पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास या तीन गायकांची मैफल झाली. तिचे संचालन झुबिन मेहता यांनी केले. ऑपेरातील वेचक पदे आणि लोकप्रिय गीते यांचीच ती मैफल होती आणि तिची तबकडी अभिजात संगीतातील सर्वाधिक खपाची मानली जाते. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला होता. हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत पाश्चात्त्य वाद्यमेळ रुजवला तो प्रामुख्याने गोव्यातून आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी. म्हणजे ही वानगी आपल्यापर्यंत केवळ तबकडीतून आलेली नाही. आपल्या चित्रपटगीतांतही ती मुरलेली आहे.

वानगी कशी ऐकावी?

वेष्टनावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर पाच गोष्टी शोधाव्यात : संगीतकार, रचनेचे पूर्ण नाव व क्रमांक, त्यातील कितवा भाग, वादक किंवा वाद्यवृंद व संचालक, आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष. क्रमांकांची परिभाषा अवघड नाही. बेथोवनच्या रचनांना 'ओपस' क्रमांक असतो. मोझार्टच्या नावापुढील 'के.' हे अक्षर लुडविग फॉन क्योखेल याने १८६२ मध्ये केलेल्या सूचीचे आहे, तर बाखच्या रचनांपुढील 'बीडब्ल्यूव्ही' ही अक्षरे १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीची. हा क्रमांक हाती असला, की नावांचा सारा घोळ टळतो. यांपैकी काहीच न देणारी तबकडी किंवा सूची संशयास्पद मानावी.

मोबाइलवरील सूचींनी ही अडचण वाढवली आहे. 'झोपेसाठी', 'एकाग्रतेसाठी' अशा नावांच्या सूचींत मोझार्ट आणि बाख पार्श्वसंगीत होऊन वाजत राहतात. गाणे, गायक आणि अल्बम या तीन रकान्यांत अभिजात संगीताची माहिती मावत नाही. अ‍ॅपलने मार्च २०२३ मध्ये अभिजात संगीतासाठी वेगळे अ‍ॅप काढले, ते रचना, संगीतकार आणि वादक यांनुसार शोध घेता यावा म्हणूनच. त्याच वेळी अशा सेवांनी एक सोयही केली आहे : तुकडा आवडला, तर संपूर्ण रचना त्याच क्षणी ऐकता येते. पूर्वी त्यासाठी दुकान गाठावे लागे. आणि मुंबईतील काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस' तर २०१६ मध्ये बंदच झाले.

सुरुवातीसाठी पुढील पाच जोड्या पुरेशा आहेत.

- 'मूनलाइट'चा पहिला भाग आवडला असेल, तर तिन्ही भाग सलग ऐकावेत. सुमारे पंधरा मिनिटे लागतात.
- 'वसंत' आवडला असेल, तर विवाल्डीचा 'उन्हाळा' ऐकावा. सुमारे दहा मिनिटे.
- टायटनची धून ओळखीची असेल, तर मोझार्टची पंचविसावी सिंफनी (के. १८३) संपूर्ण ऐकावी. १७७३ मध्ये ती रचली, तेव्हा त्याचे वय सतरा वर्षांचे होते.
- पाखेलबेलचा 'कॅनन' आवडत असेल, तर त्यामागचे 'जीग' शोधावे. दोन मिनिटांचाही प्रश्न नाही.
- बेथोवनच्या पाचव्या सिंफनीसाठी सलग पस्तीस मिनिटे काढावीत. निदान तिसरा आणि चौथा भाग तरी मध्ये न थांबता ऐकावा.

प्रत्यक्ष मैफलीला पर्याय नाही, हे वेगळे सांगायला नको. नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात (एनसीपीए) २००६ मध्ये 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन झाला. त्यामुळे मुंबईकरांना या रचना देशातच, समोर बसून ऐकण्याची सोय झाली. तेथे तबकडी उलटावी लागत नाही आणि पुढचा तुकडा दुसऱ्याच कुणाचा येत नाही.

तैवानमध्ये कचरा गोळा करणाऱ्या गाड्या बेथोवनचे 'फ्युअर एलिझे' वाजवत गल्लीत शिरतात, आपल्याकडील घंटागाडीसारख्या. १८१० मध्ये लिहिलेली ही छोटी रचना बेथोवनच्या हयातीत प्रकाशितही झाली नव्हती. ती उजेडात आली १८६७ मध्ये. आज ती ऐकून हजारो माणसे पिशव्या घेऊन खाली उतरतात, आणि जगभर पियानो शिकू लागलेली मुलेही पहिली हौस म्हणून तीच वाजवतात. सुरावट तीच, पहिल्यांसाठी ती सूचना आहे, दुसऱ्यांसाठी सुरुवात. वानगीच्या तबकडीचेही असेच आहे. तिच्यावर थांबायचे, की तिच्या वेष्टनावरचा क्रमांक टिपून घेऊन पूर्ण रचनेकडे जायचे, हे शेवटी ऐकणाऱ्याने ठरवायचे असते.